लाला उर्फ लालासो उर्फ लालासाहेब

सांगलीच्या कॉलेजातून आलेलं पाकीट लालासाहेब खराड्यांनी अंगणातच उभ्या उभ्या फोडलं, आणि तिसऱ्या ओळीला पोचताच ते असे ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"तफावत? माझ्यात आन् माझ्यात तफावत?"

शालूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. शेजारचा आकाराम कुंपणावरून डोकावला. आकारामला बोलवावं कधी लागत नसे. कुणाच्या घरी काही बिनसलं की तो आपोआप हजर व्हायचा, आणि सल्ला दिल्याशिवाय हलायचा नाही.

पत्र सरकारी मराठीत होतं, म्हणजे वाचून राग तर यावा पण नक्की कशाचा ते कळू नये, अशा मराठीत. मजकूर एवढाच, की कुमारी विजयमाला हिच्या अर्जावर वडिलांचे नाव 'लालासाहेब' असून गुणपत्रिकेवर ते 'लालासो' आहे. सबब सदर दोन्ही इसम एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज व गुणपत्रिका येत्या शनिवारी दुपारी कचेरी बंद होण्यापूर्वी समक्ष सादर कराव्यात, अन्यथा अर्जाचा विचार केला जाणार नाही. सोबत अर्ज व गुणपत्रिका परत.

आता या गुणपत्रिकेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण लालासाहेबांनी त्या महिन्यात ते ऐकवल्याशिवाय कुणालाही पुढं जाऊ दिलं नव्हतं. विजयमाला अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, बोर्डाच्या परीक्षेत केंद्रात पहिली आली होती. पोरींत पहिली नव्हे, पोरांसकट पहिली. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. लालासाहेबांनी साखर कारखान्याच्या गेटावर, जिथं ते टाइमकीपर होते, ऊस घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी मार्क सांगितले आणि मग गाडीचा नंबर लिहिला. एका गाडीवाल्यानं "बाकीचं दोन कुठं गेलं?" असं विचारलं, तर त्याची गाडी उन्हात उभी राहिली. पेढे वाटून झाले, औंधच्या यमाईला नारळ फुटला, आणि पोरीनं सांगितलं की मला सांगलीला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचाय. गावात इंजिनिअर म्हणजे पाण्याचं इंजिन दुरुस्त करणारा. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटलं, लालासाहेबाची पोरगी विहिरीत उतरणार.

घरात एकच अडचण होती. शालूबाईंच्या भावानं फलटणकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा कारखान्यात केमिस्ट, घरचा ऊस, माणसं सालस. लालासाहेबांनी त्या मेव्हण्याला सगळ्यांदेखत शब्द दिला होता, "यंदा पोरीला कॉलेज मिळालं तर शिकल. न्हाई मिळालं तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू." शब्द देताना त्यांना खात्री होती. अठ्ठ्याण्णव मार्कांना कोण नाही म्हणणार? आता नाही म्हणायला 'सो' उभा राहिला होता.

"आण्णा, सोपं हाय," विजयमाला पत्र वाचून म्हणाली. "अर्जावर 'लालासाहेब' खोडून 'लालासो' लिवायचं, खाली सही करायची. संपलं."

लालासाहेब तिच्याकडे बघतच राहिले. "खोडायचं? माझं साहेब खोडायचं?"

हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला तो आवाज समजायला थोडा मागचा इतिहास लागतो, पण तो थोडाच आहे. फौजेत भरतीच्या दिवशी समोरच्या अधिकाऱ्यानं त्यांचं नाव ऐकून पेन खाली ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, "इधर साहब हम हैं. तुम सिर्फ लाला." पुढं पठाणकोटला गेल्यावर तिथल्या पंजाबी सुभेदारानं नाव वाचून विचार केला की लाला आहे म्हणजे दुकानदार, हिशेब चोख असणार. अन् एवढा सहा फुटी गडी कँटीनच्या स्टोअरवर बसवला. बंदूक कमी आणि बिस्किटांच्या पेट्या जास्त, अशी नोकरी झाली. पेन्शन घेऊन गावात आल्या दिवशी लालासाहेबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दारावर पाटी रंगवून घेतली: 'लालासाहेब गणपती खराडे, निवृत्त हवालदार.' पेंटरला बजावलं होतं, 'साहेब' जरा मोठं काढ.

"पोरीला शिकायचंय का तुमास्नी?" शालूबाईंनी विचारलं आणि भाकरी करपते म्हणून आत गेल्या.

आकारामनं मान हलवली. "न्हाई, वैनी, ही गोष्ट साधी न्हाई. आज साहेब काढलं, उद्या खराडे काढतील. गड्या, तू प्रतिज्ञापत्रच कर. मला कचेरीचं समदं ठावं हाय."

आकारामला कचेरीचं एवढंच ठाऊक होतं की ती बाजाराच्या दिवशी गच्च असते. पण तो बोलला अशा झोकात की लालासाहेबांना धीर आला.

आधी ते शाळेत गेले. 'सो' कुणी लिहिलं याचा छडा लावायचा होता. बाळासो गुरुजींनी चष्मा पुसला, जुनं रजिस्टर काढलं आणि जरा ओशाळून हसले.

"मीच लिवलं वो. रकाना अरुंद हुता. साहेब मावत न्हवतं."

"रकान्यात मावत न्हाई म्हणून माणूस कापायचा?"

"आवं, आपल्याकडं सो म्हंजे साहेब हे दगडालाबी ठावं हाय. अन् माझ्याकडं बघा की. माझ्या बापानं मला बाळासाहेब ठिवलं. पगारपत्रकावर बाळासो, पाटीवर बाळासो, लग्नपत्रिकेवर बाळासो. मी कवा रडलो का?"

लालासाहेबांनी गुरुजींकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. बिचाऱ्यानं जन्मभर पाऊण नावावर भागवलं होतं. इतकी वर्षं आपण सीमेवर होतो, पोरीच्या प्रगतिपुस्तकावर सही शालूबाईंची असायची, म्हणून ही लूट आपल्या पाठीमागं चालून गेली, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि गुणपत्रिका हातात आली तेव्हाही त्यांनी नाव वाचलं नव्हतं. बापमाणूस मार्क बघतो, नाव कशाला बघेल? नाव त्याला पाठ असतं.

गुरुजींनी शाळेच्या शिक्क्याचा दाखला दिला की लालासो व लालासाहेब हे एकच. पण खाली सही 'बाळासो' अशी केली. लालासाहेबांना ते साक्षीदारच फितूर असल्यासारखं वाटलं.

मग मामलेदार कचेरी. कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसानं कागद सरकवून विचारलं, "पुरावा?"

लालासाहेबांनी खिशातनं पेन्शनचं पुस्तक काढलं. तोच त्यांचा अभिमान आणि तीच त्यांची चूक. पुस्तकावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, लाला खराडे.

"हे तिसरं," टायपिस्ट म्हणाला.

"तिसरं न्हाई. हे पयलंच हाय. म्हंजे मधलं."

"मला काय, सगळी घालतो." टायपिस्टची बोटं चालू झाली, आणि कागदावर उमटलं: 'मी, लाला उर्फ लालासो उर्फ लालासाहेब गणपती खराडे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की...'

लालासाहेबांनी ते दोनदा वाचलं. चेहरा उतरत गेला. "आकाराम, हे उर्फ कशाला रं?"

"उर्फच असतंय."

"उर्फ दरोडेखोरांस्नी असतंय! पेपरात काय येतं? 'अमुक उर्फ तमुक फरारी.' कवा वाचलंयस का, अमुक उर्फ तमुक ह्यांच्या पोरीला गणितात अठ्ठ्याण्णव मार्क?"

टायपिस्ट म्हणाला, दुसरा शब्द नाही, पाहिजे तर मामलेदार रावसाहेबांना विचारा. रावसाहेब हा शब्द त्यानं सहज उच्चारला, पण लालासाहेबांना तो लागला. त्या माणसाचं साहेब बघा कसं कुणी न कापता, अख्खंच्या अख्खं त्याच्या नावामागं चालत होतं.

आत लय गर्दी होती. त्या दिवशी नेमकी एका गावची दोन भावकीची माणसं कॅनॉलच्या पाण्यावरून डोकी फोडून आली होती आणि त्यांच्याकडून शांततेचा जामीन लिहून घ्यायचं चाललं होतं. दारातल्या शिपायानं लालासाहेबांचा कागद घेतला, पहिली ओळ वाचली, दोन उर्फ पाहिले, लालासाहेबांच्या मिशा पाहिल्या, आणि कसलाही विचार न करता त्यांना त्या रांगेत उभं केलं. आकाराम बाहेर चहाला गेला होता. कचेरीतलं सगळं माहीत असलेला माणूस ऐन वेळी चहालाच असतो.

रांग पुढं सरकली. मामलेदार मान वर न करता म्हणाले, "नाव?"

"लालासाहेब खराडे!" एडी आपटून.

"लाला उर्फ लालासो उर्फ... बरं. सहा महिने गावात शांतता राखाल?"

लालासाहेबांना प्रश्न जरा चमत्कारिक वाटला. पण प्रतिज्ञापत्राला असं काही विचारत असतील, असं त्यांनी धरलं. "जी साब. राखेन."

"पुन्हा मारामारी?"

"न्हाई साब. पासष्ट सालापास्नं केली न्हाई."

मामलेदारांनी मान वर केली. "म्हणजे जुनी सवय आहे. कुणाशी?"

"पाकिस्तानशी, साब."

खरं म्हणजे पासष्टातही लालासाहेब बिस्किटांच्या पेट्यांवरच होते. पण फौजी माणसाला कुणी असं विचारल्यावर तो दुसरं काय सांगणार?

सगळी रांग हसली. डोकी फोडून आलेली माणसंसुद्धा एकमेकांना टाळ्या देऊन हसली, अन् त्या हसण्यातच त्यांचा निम्मा तंटा मिटला असं पुढं आकाराम सगळ्यांना सांगायचा, जणू तो तिथं होता. मामलेदार मात्र भला माणूस. चूक कळल्यावर त्यांनी लालासाहेबांना खुर्ची दिली, जामिनाचा कागद फाडला आणि पोरीचे मार्क विचारले. लालासाहेबांनी सांगितले, दोनदा. मामलेदार म्हणाले, "आता तुम्हाला ओळखणारा एक माणूस हजर करा, की लगेच शिक्का मारतो."

आकाराम मिशीवरचा चहा पुसत आत आला.

"या गृहस्थांना ओळखता?"

"ओळखतो म्हंजे? एका ताटात जेवलोय की वो. आमचा लालूआण्णा!"

कारकुनानं लेखणी थांबवली. "आता हा लालू कोण?"

लालासाहेबांनी आकारामकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर त्यांनी पासष्ट साली एखाद्या पाकिस्तान्याकडे टाकली असती तर त्यांना कँटीनवर कुणी ठेवलं नसतं. कागद परत बाहेर गेला, पुन्हा टाइप झाला, तिसरं 'उर्फ' जडलं. तोवर शिक्केवाला कारकून जेवायला गेला, जेवून घरी गेला. शिक्का मिळाला तो दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सूर्य मावळायला लागल्यावर.

शनिवारी सकाळच्या गाडीनं बापलेक सांगलीला निघाले. आकारामला मुद्दाम नेलं नाही, पाचवं नाव निघू नये म्हणून. लालासाहेबांनी फौजेतला कोट घातला होता. विजयमालानं गुणपत्रिका वहीत, वही पिशवीत आणि पिशवी छातीशी धरली होती. सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "आण्णा, किती वाजता बंद हुतंय?" तिला ते तोंडपाठ होतं, तरी विचारलं.

कॉलेजच्या खिडकीवर मोठी रांग. पोरंच पोरं आणि त्यांचे बाप. पोरगी ही एकटीच. रांगेतले सगळे आधी तिच्याकडे बघायचे आणि मग तिच्या मागच्या मिशांकडे बघून सरळ पुढं बघायचे.

खिडकीत हेडक्लार्क भुसारी होते. मूळचे नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. पत्र लिहिणारे तेच. त्यांनी अर्ज आणि गुणपत्रिका समोर ठेवून घेतली, प्रतिज्ञापत्र वाचलं, उलटं करून पाठीमागं पाहिलं, परत वाचलं.

"चार नावं आहेत जी तुमची?"

"एकच हाय. बाकीची लोकांनी केलेली."

"पण हे 'सो' काय असते? मी आल्यापासून विचारून राहिलो. दर तिसऱ्या पोराचा बाप सो."

अख्ख्या रांगेनं एका आवाजात उत्तर दिलं, "आवं, सो म्हंजे साहेब!" मागून एकजण म्हणाला, मी आप्पासो. दुसरा म्हणाला, मी दादासो. एकानं तर गंभीरपणे सांगितलं की आमच्या बैलाचंबी नाव रावसो हाय. भुसारींचा चेहरा पंधरा दिवसांचं कोडं सुटल्यासारखा उजळला.

"असं होय! आमच्याकडे साहेब पूर्ण राहते ना बापा. बरं, समजलं. मग आता अर्जावर 'लालासाहेब' खोडा, गुणपत्रिकेवर आहे तसं 'लालासो' लिहा, बाजूला सही करा, आणि द्या."

लालासाहेबांना क्षणभर ऐकू आलं नाही की काय असं झालं. "मग ह्ये प्रतिज्ञापत्र कशाला?"

"ते मला समजावं म्हणून. समजलं मला."

"पर ह्यात लिवलंय की मी लालासाहेबच हाय."

"ते खरंच आहे. पण रजिस्टरात गुणपत्रिकेवरचंच नाव चढते. ते बदलायचं तर बोर्डाकडून बदलून आणा. दोनतीन महिने लागते. इथं तर मी एक वाजता खिडकी लावतो." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजायला फारसा वेळ नव्हता. मागं रांग होती.

लालासाहेब पेन हातात धरून उभे राहिले. पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी मनातल्या मनात भांडले, ते तीन अक्षरी 'साहेब' त्या अर्जावर त्यांनीच बोरू धरल्यासारखं सुबक काढलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "उरका की पावनं."

तेव्हा विजयमाला हळूच पुढं झाली. तिनं खिडकीतून आपली गुणपत्रिका परत ओढून घेतली, वहीत ठेवली आणि म्हणाली, "राहू दे आण्णा. तुमचं नाव आधी नीट करून घेऊ. पुढच्या वर्षी बघू."

रुसून म्हणाली असती तर लालासाहेबांना चाललं असतं. ती मनापासून म्हणत होती. पुढचं वर्ष म्हणजे दिवाळी, दिवाळी म्हणजे फलटण, हे तिला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं वही मिटली होती, आणि बापाचं साहेब राहावं म्हणून ती रांगेतून बाहेर निघाली होती.

एवढी मोठी पोरगी आपल्या घरात वाढली आणि आपण तिचे नुसते मार्क सांगत गावभर हिंडलो, असं लालासाहेबांना वाटलं.

"ए, इकडं ये!" ते असे गरजले की भुसारींच्या हातातला शिक्का खाली पडला. "काढ ती वही. काढ म्हंतो न्हवं!"

त्यांनी गुणपत्रिका घेतली आणि खिडकीत परत ठेवली. मग अर्ज पुढं ओढला, आणि 'साहेब' वर एकच रेघ मारली. सरळ, पट्टी न लावता. वर ठसठशीत 'सो' काढला. भुसारी म्हणाले, "इथं सही." त्यांनी सही केली, लालासो. आयुष्यात पहिल्यांदाच केली म्हणून सो जरा वाकडा आला. भुसारींनी शिक्का मारला, पावती फाडून दिली, गणिताचे मार्क वाचले आणि भुवया उंचावून पोरीकडे पाहिलं. "गणितात अठ्ठ्याण्णव? इथल्या पोरांची आता खैर नाही जी." आणि खिडकी लावून घेतली.

बाहेर आल्यावर लालासाहेबांनी पोरीला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्याले. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं. त्यांच्याही डोळ्यांत आलं, पण त्यांनी ते मिशांवरचा रस पुसता पुसता खपवलं.

परतीच्या गाडीत शेजारी एक फेटेवाला म्हातारा बसला होता. बसल्या बसल्या कोटाकडे, पोरीकडे आणि तिच्या मांडीवरच्या पावतीकडे बघून झाल्यावर त्याला राहवलं नाही. "पोरीला कुटं न्हेलतं, पावनं?"

"कॉलेजात. नाव घालून आलो. इंजिनिअर हुणार हाय." लालासाहेबांचा आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत गेला. कंडक्टरनंही मान वळवली.

"आस्सं! लय ब्येस झालं. काय म्हनायचं लेकीला?"

लालासाहेब ताठ बसले आणि हजेरी देताना म्हणावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "विजयमाला लालासो खराडे."

"व्हय, व्हय. आन् तुमी?"

"मी?" लालासाहेब म्हणाले. "मी त्यातला मधला."